ऑनलाइन इंग्लिश लिसनिंग परीक्षा नेमकी कशी चालते? आयईएलटीएसचं उदाहरण घेऊन संपूर्ण माहिती

परदेशात शिकायला किंवा कामाला जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. या परीक्षेत वाचन, लेखन, बोलणं आणि ऐकणं असे चार भाग असतात. त्यातला ऐकण्याचा भाग, म्हणजे लिसनिंग, बऱ्याच जणांना सर्वात सोपा वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं. "त्यात काय, हेडफोन लावायचा आणि उत्तरं लिहायची."

पहिल्या वेळी मला वाचन, लेखन आणि बोलण्यात प्रत्येकी ६.५ बँड मिळाले आणि ऐकण्यात ६. एकूण निकाल ६.५ आला, पण मला जिथे प्रवेश हवा होता तिथे कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी चालत नव्हतं. वडिलांनी भरलेली फी गेली आणि प्रवेशाची ती फेरीही हातातून गेली. रोज दोन-तीन तास इंग्रजी व्हिडिओ बघणाऱ्या माझ्यासारख्याला ऐकण्यातच कमी मार्क कसे पडले, हे मला तेव्हा कळलंच नाही. नंतर परीक्षा आतून कशी चालते ते नीट समजून घेतलं, तेव्हा कारण सापडलं. आजच्या लेखात आपण तेच बघणार आहोत.

ऑनलाइन परीक्षा म्हणजे घरी बसून का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून आधी हे स्पष्ट करू. आयईएलटीएस कॉम्प्युटरवर देता येते, पण त्यासाठी परीक्षा केंद्रावर जावं लागतं. तिथे तुम्हाला कॉम्प्युटर, कीबोर्ड, माऊस आणि हेडफोन मिळतो. वाचन, लेखन आणि ऐकणं त्या कॉम्प्युटरवर होतं, बोलण्याची परीक्षा मात्र परीक्षकासोबत होते. भारतात ही परीक्षा आयडीपी घेते.

घरून देता येतील अशा परीक्षाही आहेत. टोफेलची घरून द्यायची सोय २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात सुरू झाली. ड्युओलिंगो इंग्लिश टेस्ट तर मुळातच घरून द्यायची परीक्षा आहे. पण लक्षात ठेवा, ती मोबाईलवर देता येत नाही, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपच लागतो.

कोणती परीक्षा द्यायची हे मित्राला विचारून ठरवू नका. ज्या विद्यापीठात किंवा देशात जायचं आहे, त्यांच्या वेबसाइटवर कोणती परीक्षा चालते आणि प्रत्येक भागात किमान किती गुण लागतात, हे स्वतः वाचा. मी फक्त एकूण बँड वाचला होता. खालची ओळ वाचलीच नव्हती.

आयईएलटीएस लिसनिंगची रचना

एकूण ४० प्रश्न असतात आणि ऑडिओ साधारण ३० मिनिटं चालतो. चार भाग असतात आणि प्रत्येक भागात १० प्रश्न.

भाग १: दोन माणसांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं. उदाहरणार्थ, कुणीतरी खोली भाड्याने घेण्यासाठी फोन करतं आणि नाव, पत्ता, तारीख, भाडं असं बोलणं होतं. तुम्हाला फॉर्म भरायचा असतो.

भाग २: एकच माणूस बोलतो. विषय रोजचाच, म्हणजे एखाद्या गावातल्या सोयी, संग्रहालयाची माहिती वगैरे. नकाशावर जागा ओळखायचे प्रश्न इथे येऊ शकतात.

भाग ३: शिक्षणाशी संबंधित चर्चा. दोन ते चार जण बोलतात. उदाहरणार्थ, दोन विद्यार्थी आणि त्यांचे सर प्रोजेक्टबद्दल बोलत आहेत. कुणाचं मत काय आणि कोण कशाला सहमत झालं, हे पकडावं लागतं.

भाग ४: कॉलेजच्या लेक्चरसारखं एकाच माणसाचं भाषण. पहिल्या तीन भागांत मध्ये थोडा थांबा मिळतो आणि पुढचे प्रश्न वाचता येतात. चौथ्या भागात मध्ये थांबा नसतो, दहाही प्रश्न सलग येतात.

अ‍ॅकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग या दोन्ही प्रकारांत लिसनिंगचा पेपर सारखाच असतो. आवाज मात्र वेगवेगळ्या देशांचे असतात: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, अमेरिकन.

सर्वात महत्त्वाचा नियम: ऑडिओ एकदाच

तुम्ही मोबाईलवर इंग्रजी व्हिडिओ कसा बघता, जरा आठवून बघा. सबटायटल चालू. एखादं वाक्य सुटलं की स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप, दहा सेकंद मागे. कंटाळा आला की पुढे. मध्येच व्हॉट्सअ‍ॅप आलं की पॉज.

परीक्षेत यातलं एकही बटण नसतं. पॉज नाही, मागे जाणं नाही, वेग कमी करणं नाही, सबटायटल तर नाहीच. स्क्रीनवर फक्त आवाज कमी-जास्त करता येतो. ऑडिओ सुरू झाला की तो आपल्या गतीने जातो आणि एकदाच ऐकू येतो.

माझी चूक इथेच होती. मी रोज तीन तास इंग्रजी ऐकत होतो असं मला वाटायचं. खरं तर मी सबटायटल वाचत होतो. एक उत्तर सुटलं की हात आपोआप मागे जाण्यासाठी शिवशिवायचा. परीक्षेत तसं करता येत नाही, म्हणून मी मनातल्या मनात मागे जायचो, "ते काय म्हणाले बरं?" आणि तेवढ्यात पुढची दोन उत्तरं निघून जायची.

म्हणून पहिला धडा: एक उत्तर गेलं तर गेलं. अंदाजाने काहीतरी लिहा आणि लगेच पुढच्या प्रश्नावर या. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी ठेवू नका.

स्क्रीनवर काय दिसतं?

सुरुवातीला हेडफोनचा आवाज तपासायला मिळतो. ही पायरी घाईत उरकू नका. एका कानात आवाज येत नसेल किंवा खरखर असेल तर तेव्हाच हात वर करून पर्यवेक्षकांना सांगा. ऑडिओ सुरू झाल्यावर सांगितलं तर आधीच उशीर झालेला असतो.

प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. प्रश्न समोर असतात आणि उत्तरं त्याच वेळी भरायची असतात. काही ठिकाणी चौकटीत टाइप करायचं, काही ठिकाणी पर्यायावर क्लिक करायचं, तर काही ठिकाणी उत्तर माऊसने ओढून योग्य जागी सोडायचं. प्रश्नातला महत्त्वाचा शब्द निवडून रंगवता येतो. खाली प्रश्नांचे आकडे दिसतात, त्यावरून कुठलं उत्तर राहिलंय ते कळतं.

आता कागदावरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या परीक्षेतला एक मोठा फरक. कागदावरच्या परीक्षेत ऑडिओ संपल्यावर उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला १० मिनिटं मिळायची. कॉम्प्युटरवर ही १० मिनिटं नसतात, कारण उत्तरं तुम्ही आधीच टाइप केलेली असतात. तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात. जुन्या पुस्तकांवरून किंवा जुन्या व्हिडिओंवरून तयारी करणारे इथे फसतात. "शेवटी स्पेलिंग बघू" असं म्हणत राहतात आणि २ मिनिटांत ४० उत्तरं बघून होत नाहीत.

उत्तर कसं तपासतात?

लेखनात आणि बोलण्यात परीक्षक तुमच्या एकूण कौशल्याला बँड देतात. लिसनिंगमध्ये तसं नाही. तुमचं उत्तर उत्तरसूचीतल्या उत्तराशी जुळतं का, एवढंच बघितलं जातं. जुळलं तर १ गुण, नाहीतर ०. "ऐकलं बरोबर होतं, फक्त एक अक्षर चुकलं" याला अर्धा गुण मिळत नाही.

लक्षात ठेवायचे नियम असे:

१. स्पेलिंग चुकलं तर उत्तर चुकलं. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. म्हणजे 'कलर' हा शब्द यू घालून लिहा किंवा यू न घालता, दोन्ही बरोबर.

२. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांमुळे गुण जात नाहीत.

३. शब्दमर्यादा पाळायचीच. सूचनेत 'जास्तीत जास्त दोन शब्द' असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर उत्तर चूक. 'वुडन टेबल' हवं असताना 'अ वुडन टेबल' लिहिलं की एक गुण गेला. प्रत्येक प्रश्नगटाची सूचना वेगळी असू शकते, म्हणून दरवेळी वाचा.

४. एकवचन आणि अनेकवचन. उत्तर 'टिकेट्स' असेल आणि तुम्ही 'टिकेट' लिहिलं, तर गुण मिळत नाही.

हा चौथा नियम आपल्या लोकांना जास्त नडतो आणि त्याचं कारण मराठीत आहे. आपण बोलताना "दोन तिकीट काढ", "तीन फाइल पाठव", "चार बॉक्स आण" असं म्हणतो. इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याच्या शेवटचा 'स' आपण सोडून देतो. त्यामुळे कानालाही तो 'स' न ऐकायची सवय लागते. परीक्षेत कोणते प्रश्न चुकले ते कधीच सांगत नाहीत, फक्त बँड कळतो. पण नंतर मी घरी दहा सराव पेपर सोडवले आणि चुकांची वही केली, तेव्हा सर्वात लांब यादी याच चुकांची निघाली.

यावर एक सोपा उपाय आहे. उत्तर टाइप केल्यावर आजूबाजूचं वाक्य वाचा. रिकाम्या जागेआधी 'अ' किंवा 'अ‍ॅन' असेल तर एकवचन. 'मेनी', 'टू', 'सेव्हरल' असे शब्द असतील तर अनेकवचन.

ऑडिओमधले सापळे

पेपर काढणारे मुद्दाम काही गोष्टी ठेवतात. त्या माहीत असल्या की निम्मी भीती जाते.

बोलणारा स्वतःचं बोलणं बदलतो. "मंगळवारी भेटू... नाही, मंगळवारी मला जमणार नाही, गुरुवारी चालेल का?" घाईत मंगळवार टाइप करून मोकळे झालात तर चुकलात. उत्तर लिहिल्यावरही पुढचं वाक्य कान देऊन ऐका.

प्रश्नातला शब्द ऑडिओत तसाच येत नाही. प्रश्नात 'स्वस्त' असेल तर बोलणारा म्हणेल 'फारसा खर्च येत नाही'. म्हणून शब्द शोधू नका, अर्थ शोधा.

तेरा की तीस? 'थर्टीन' आणि 'थर्टी' मध्ये जोर कुठे आहे ते ऐका. 'थर्टीन' मध्ये शेवटचा भाग लांबतो, 'थर्टी' मध्ये जोर सुरुवातीला असतो. चौदा-चाळीस, पंधरा-पन्नास यांचंही तसंच.

फोन नंबर सांगताना शून्याला 'ओ' म्हणतात आणि सारखे आकडे 'डबल', 'ट्रिपल' म्हणून सांगतात. नावाचं स्पेलिंग सांगतात तेव्हा ए, ई आणि आय या अक्षरांत गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'ए' आपल्या कानाला 'आय' सारखा वाटू शकतो.

किती बरोबर आले की किती बँड?

प्रत्येक पेपरच्या काठिण्यानुसार थोडा फरक पडतो, पण सरासरी अशी धरतात: ४० पैकी १६ बरोबर असतील तर बँड ५, २३ असतील तर ६, ३० असतील तर ७ आणि ३५ असतील तर ८.

आता हिशोब बघा. ६ आणि ७ यांच्यात फक्त ७ प्रश्नांचा फरक आहे. म्हणजे दोन अनेकवचनं, दोन स्पेलिंग, एक शब्दमर्यादा आणि दोन 'मागे जाऊन' सुटलेली उत्तरं. यातलं एकही इंग्रजी येत नाही म्हणून गेलेलं नाही.

एकूण बँड म्हणजे चारही भागांची सरासरी, जवळच्या अर्ध्या बँडपर्यंत आणलेली. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात. एकाच भागात कमी पडलात तर कॉम्प्युटरवरच्या परीक्षेसाठी 'वन स्किल रीटेक' नावाची सोय आहे. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त तो एक भाग पुन्हा देता येतो. पण पैसे भरण्याआधी तुमच्या विद्यापीठाला ते चालतं का हे विचारा. मी विचारलं होतं, माझ्या ठिकाणी चालत नव्हतं. म्हणून मला चारही भाग परत द्यावे लागले.

घरून द्यायच्या परीक्षेत वेगळं काय?

ड्युओलिंगोमध्ये प्रश्न सगळ्यांना सारखे येत नाहीत. तुम्ही बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलात की सोपा. अवघड वाटायला लागलं म्हणजे पेपर वाईट चाललाय असं समजू नका, उलट बरोबर चाललाय असंही असू शकतं. दिलेल्या उत्तरावर परत जाता येत नाही. ऐकून वाक्य टाइप करायच्या प्रश्नात मात्र ऑडिओ परत लावायची मर्यादित सोय असते.

टोफेलमध्ये संभाषण किंवा लेक्चर आधी ऐकायचं आणि मग प्रश्न समोर येतात. म्हणजे ऐकताना कशाचं उत्तर हवंय हेच माहीत नसतं. तिथे छोट्या नोंदी घ्यायची सवय लागते.

घरून परीक्षा देताना कॅमेरा आणि माइक चालू असतात, दुसरी विंडो उघडता येत नाही, खोलीत दुसरं कुणी चालत नाही. आणि आपल्याला आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे ड्युओलिंगोला इअरफोन किंवा हेडफोन चालत नाही. कान दिसले पाहिजेत, आवाज स्पीकरवरून ऐकायचा. म्हणून सरावही स्पीकरवरच करा. घरात कुकरची शिट्टी, टीव्ही, बाहेर भोंगा, हे सगळं लक्षात घेऊन वेळ ठरवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मोबाईलवर तयारी कशी करायची?

महागडा कोर्स लावलाच पाहिजे असं नाही. मी दुसऱ्या वेळी हे केलं:

सबटायटल बंद. पहिले दोन दिवस काहीच कळत नाही असं वाटतं. आठवड्याने कान जागे होतात.

बीबीसीचं '६ मिनिट इंग्लिश' हे पॉडकास्ट रोज एक. आधी एकदा सलग ऐकायचं, हात मोबाईलपासून लांब. मग ऐकलेलं चार ओळींत लिहायचं. त्यानंतर त्यांच्या वेबसाइटवर दिलेला मजकूर वाचून काय सुटलं ते बघायचं. मजकूर आधी वाचला तर सगळा फायदा गेला.

ऑटो करेक्ट बंद. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटो करेक्शन' आणि शब्द सुचवणारी पट्टी बंद करा. 'अकॉमोडेशन' मध्ये सी दोन आणि एम पण दोन, 'वेन्सडे' मध्ये डी आधी येतो, हे आपल्याऐवजी आजवर मोबाईलला माहीत होतं. परीक्षेत स्पेलिंग तपासणारा नसतो.

खऱ्या कीबोर्डवर टाइप करणं. अंगठ्याने पटापट टाइप करणारे आपण कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर अक्षर शोधत बसतो. लॅपटॉप नसेल तर मित्राचा घ्या, नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत बसा. रोज १५ मिनिटं पुरतात. ऐकताना नजर कीबोर्डवर गेली की प्रश्नावरून लक्ष जातं.

आठवड्यातून दोनदा पूर्ण पेपर. आयईएलटीएसच्या अधिकृत वेबसाइटवर सरावाचे नमुने मोफत मिळतात. ३० मिनिटं सलग, न थांबता. मोबाईल वेगळ्या खोलीत. मध्ये आई हाक मारेल, तरी उठायचं नाही.

चुकांची वही. प्रत्येक चूक कुठल्या प्रकारची आहे ते लिहा: स्पेलिंग, अनेकवचन, शब्दमर्यादा, आकडा, लक्ष गेलं, की अर्थच कळला नाही. तीन पेपर झाले की तुमची खरी अडचण समोर येते. बऱ्याचदा 'अर्थच कळला नाही' ही यादी सर्वात छोटी असते.

शेवटी

पाच आठवड्यांनी मी पुन्हा परीक्षा दिली आणि लिसनिंगमध्ये ७ बँड मिळाले. या पाच आठवड्यांत माझं इंग्रजी काही फार सुधारलं नव्हतं, नवीन शब्दही थोडेच शिकलो होतो. एकदाच ऐकायचं, सुटलं तर सोडायचं आणि टाइप केलेलं लगेच बघायचं, एवढीच सवय लागली होती.

मराठी माध्यमातून शिकलो म्हणून आपल्याला जमणार नाही, असं मनात असेल तर ते काढून टाका. आपण शाळेत इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, कानाने कमी, एवढंच. आज रात्री झोपण्याआधी एक पॉडकास्ट लावा, मोबाईल उलटा ठेवा आणि सहा मिनिटं एकदाच ऐका. कुणी मित्र या परीक्षेची तयारी करत असेल तर त्याला हा लेख फी भरण्याआधी पाठवा.